दाऱ्या घाटातला ऱ्या

नारायणगावहून खोडदकडे निघालं की रस्त्याच्या कडेचे फ्लेक्स वाचत यायची मला शाळेपासूनची सवय. वाढदिवस, निवड, बैलगाडा शर्यत, दशक्रिया. मागच्या दिवाळीत गावी येताना एकावर हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं, ‘शेतकर्यांचे आधारस्तंभ’. ‘कार्य’ किंवा ‘सूर्य’ म्हणताना जो र्य येतो, तो इथे. मोठ्याने वाचून बघा. असा शब्द आमच्या तालुक्यात कोणी उच्चारत नाही. पुढाऱ्यांचा चेहरा उजळायला कोणीतरी फोटोशॉपमध्ये तासभर घालवला असणार. ज्यांचे ते आधारस्तंभ, त्यांचं नाव नीट टाइप करायला मात्र अर्धा मिनिट मिळालेला नव्हता.

जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्री उतरून कोकणात जाणारी एक जुनी वाट आहे, दाऱ्या घाट. नाणेघाटाइतकं तिचं नाव झालेलं नाही. बातम्यांत, नकाशांवर आणि ट्रेकच्या पोस्टरांवर मी तिचं नाव ‘दार्या’, ‘दा-या’ आणि ‘दारया’ अशा तीन तऱ्हांनी पाहिलंय. गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती एकाच तऱ्हेने सांगेल. तोंडात असलेलं अक्षर कागदावर येताना कुठे सांडतं, हा माझ्या डोक्यातला जुना किडा आहे. गेल्या वर्षी तो चांगलाच वळवळला.

आधी एक तक्रार. मराठीत पुस्तकाची समीक्षा होते, पानाची होत नाही. परीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘मुखपृष्ठ समर्पक आहे, छपाई सुबक आहे, मुद्रणदोष टाळता आले असते’ एवढी तीन वाक्यं आली की विषय संपतो. ओळींमधली जागा, शब्दांमधली भगदाडं, पानाच्या डोक्यावर एकटी उरलेली ओळ, यांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सिनेमाच्या परीक्षणात छायाचित्रणावर दोन परिच्छेद लिहिणारा माणूस कादंबरीचं पान बघतच नाही. म्हणून हा लेख एका स्मरणिकेच्या पानांचं परीक्षण आहे. तिच्यात कोणी मोठा लेखक नाही. आमच्या पंचक्रोशीतल्या एका शाळेने १९९९ साली काढलेली, निम्मी जाहिरातींनी भरलेली ती स्मरणिका. तिच्यात माझ्या आबांचा चार पानांचा लेख आहे. आबांनी आयुष्यात छापील असं एवढंच लिहिलं.

घरातली प्रत वाळवीने खाल्ली होती. लेखाचं पहिलं आणि शेवटचं पान तेवढं शाबूत होतं. आबा जाऊन सहा वर्षं झाली. शाळेचं नवीन बांधकाम झालं तेव्हा जुन्या लेखांची नवी पुस्तिका काढायचं ठरलं, आणि घरात ‘कॉम्प्युटरवाला’ मी असल्यामुळे काम माझ्याकडे आलं. नारायणगावात ज्यांनी ती स्मरणिका जुळवली होती त्या डीटीपीवाल्या काकांनी फाइल जपून ठेवली होती. आधी फ्लॉपीवर, मग सीडीवर, मग कपाटातल्या एका हार्डडिस्कवर. पेजमेकरची फाइल. त्यांच्याकडच्या जुन्या मशिनवर ती उघडली, त्यातला मजकूर बाहेर काढला, आणि मी तो माझ्या लॅपटॉपवर उघडला.

पडद्यावर डॉलर, टक्के, उलटी प्रश्नचिन्हं आणि डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं. आबांचा लेख असा दिसत होता.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो. पेजमेकर ऑल्डस कंपनीने १९८५ साली मॅकिंटॉशसाठी आणला. पडद्यावर पान जसं दिसेल तसंच लेझर प्रिंटरवर उमटेल, ही त्या काळात जादूच होती, आणि ‘डीटीपी’ हा शब्द त्याच्यासोबतच रुळला. पुढे १९९४ मध्ये ऑल्डस अडोबीत विलीन झाली. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची. पण या सॉफ्टवेअरला देवनागरी ही लिपी म्हणून माहीतच नव्हती. त्याच्या लेखी एक फॉन्ट म्हणजे २५६ खाने, प्रत्येक खान्यात एक चित्र. त्यातले काही खाने वापरता येत नाहीत, म्हणजे हाताशी उरतात साधारण दोनशे. मराठीची सगळी जोडाक्षरं, रफार, रकार, मात्रा, वेलांट्या तेवढ्यात बसवायच्या. मग अक्षरांचे तुकडे करावे लागले. काना वेगळा, अर्धा त वेगळा, रफार वेगळा, रफार आणि अनुस्वार एकत्र असलेला तुकडा वेगळा. ‘म’ म्हणजे अर्धा म आणि पुढे काना. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी पॅकेजं आली आणि प्रत्येकाने आपापल्या हिशोबाने खाने भरले. एकाचा ‘क’ जिथे, तिथे दुसऱ्याचा ‘ढ’. फॉन्ट काढून घेतला की खाली उरतात फक्त खान्यांचे नंबर, आणि कॉम्प्युटर ते नंबर रोमन समजून दाखवतो.

यात एक गंमत आहे, ती मला कोड लिहिताना कळली. हे तुकडे कोणा संगणकवाल्याच्या सुपीक डोक्यातून निघालेले नव्हते. शिशाच्या खिळ्यांच्या छापखान्यात जुळारी हेच करत होता. त्याच्यासमोरच्या केसमध्ये शेकडो घरं, प्रत्येकात अक्षर किंवा अक्षराचा तुकडा. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकात ज्या देखण्या खिळ्यांनी पोथ्या छापल्या, त्यांच्यामागेही हेच गणित होतं, फक्त तिथे घरं हवी तेवढी वाढवता येत. (या सगळ्या तपशिलात शिरायचं असेल तर बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा त्रिखंडी ग्रंथ आहे, भाषा संचालनालयाने १९७१ साली काढलेला.) टाइपरायटरने घरं कमी केली, पेजमेकरच्या फॉन्टने टाइपरायटरची सवय उचलली. म्हणून ‘कि’ लिहिताना ऑपरेटर आधी वेलांटी मारायचा, मग क. डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये उलट. तिथे आधी क, मग वेलांटी, म्हणजे जिभेच्या क्रमाने. वेलांटी क-च्या आधी नेऊन बसवायचं काम फॉन्ट आणि त्याच्या पाठीमागचं इंजिन करतं. शंभरदीडशे वर्षं हाताने चाललेली जुळणी तिथे यंत्राकडे गेली.

तर मी कन्व्हर्टर लिहिला. खाने जुळवणारा तक्ता, वेलांटी उचलून पुढे ठेवणारा नियम, रफार मागे नेणारा नियम. रफाराचं उलटं असतं. तो दिसतो अक्षराच्या शेवटी, उच्चारतो आधी. दोन रात्रींत आबांचा लेख वाचता येऊ लागला. ‘गुरुजी’ आले, ‘वर्गणी’ आली, ‘विहीर’ आली. आणि मग आलं, ‘दुस-या दिवशी’. ‘शेतक-यांची पोरं’. ‘घाटात बा-या बघायला’.

त्या फॉन्टमध्ये ऱ् होता की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. असला तरी कळफलकावर सापडत नव्हता. म्हणून काकांनी हायफन मारला होता. छापील पानावर तो बेमालूम खपून गेला होता, कारण आपल्या ऱ्याची ती छोटी कमान आणि आडवी रेघ यांत लांबून फरक दिसत नाही. हा शोध काकांचा एकट्याचा नव्हे. नव्वदच्या दशकातली मासिकं काढून बघा, आणि नंतर युनिकोडमध्ये आलेल्या कितीतरी बातम्यासुद्धा. ‘अधिका-यांनी’, ‘कर्मचा-यांच्या’. डोळ्यांना बनवायला केलेली युक्ती होती, ती शुद्धलेखन होऊन बसली. सर्चमध्ये ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ शोधणाऱ्याला ‘शेतक-यांच्या’ असं लिहिलेलं काही सापडत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने तिथे ‘शेतक’ नावाची एक वस्तू आहे आणि ‘यांच्या’ नावाची दुसरी.

युनिकोडने तरी काय केलं? तक्त्यात ०९३१ या जागेवर ‘ऱ’ आहे. त्याची नोंद सांगते की हे अक्षर द्राविडी भाषांमधला एक र देवनागरीत लिहिण्यासाठी आहे, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे मराठीचा ऱ्. म्हणजे आपल्या रोजच्या ‘दुसऱ्या’साठी आपण दक्षिणेकडच्या भाषांसाठी ठेवलेलं अक्षर मागून आणतो आणि अर्धं मोडतो. मला यात अपमान वगैरे काही वाटत नाही. ते चालतं, आणि चांगलं चालतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, पुढे हलन्त, पुढे य. पण हे कोणी शिकवत नाही. फ्लेक्सवाल्या पोराला ‘र, हलन्त, य’ हाच तर्कशुद्ध रस्ता वाटतो, आणि तसं टाइप केलं की यंत्र इमानदारीत ‘र्य’ देतं. त्यात चूक ना पोराची, ना यंत्राची. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत, एकात पाणी आहे, दुसऱ्यात डोंगर, हे त्याला दहावीपर्यंतच्या शाळेत कोणी अक्षर म्हणून दाखवलेलं नसतं.

खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, जीएमआरटीच्या आवारात मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण जगभरातले खगोलशास्त्रज्ञ वापरतात. आम्हा पोरांना मात्र ती जत्रा वाटायची. दरवर्षी कोणत्या ना कोणत्या शाळेचा पवनचक्कीचा प्रकल्प असतोच. मागे एकदा मला दोन तक्ते जवळजवळ दिसले. एक स्केचपेनने कार्डशीटवर, ‘वाऱ्यापासून वीज’. दुसरा, शिक्षकांनी हौसेने डीटीपी करून आणलेला, रंगीत, लॅमिनेट केलेला, ‘वार्यापासून वीज’. सातवीतल्या पोरीच्या हाताला जे येत होतं ते पैसे मोजून आणलेल्या प्रिंटला येत नव्हतं.

तिथे जे शास्त्रज्ञ येतात त्यांचे शोधनिबंध बहुतेक लाटेकमध्ये जुळवलेले असतात, आणि त्याच्या मुळाशीही पानाचा रागच आहे. डोनल्ड क्नुथने १९७७ साली आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहिली. आधीचा खंड शिशाच्या खिळ्यांतून छापलेला, हा नव्या फोटोटाइपसेटिंगचा. पानं इतकी कुरूप दिसली की गड्याने हातातलं लिखाण बाजूला ठेवलं आणि पान जुळवणारं सॉफ्टवेअरच लिहायला घेतलं. त्यात अनेक वर्षं गेली. त्या ‘टेक’मध्ये देवनागरी जुळवायची सोय नेदरलँड्समधल्या फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१ साली केली. कॉलेजात मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा गणिताच्या समीकरणांपेक्षा ‘ज्ञ’ जागेवर बसलेला बघून जास्त आनंद झाला होता. पान बिघडलं म्हणून पुस्तक थांबवणारा लेखक मराठीत दाखवा, मी त्याला नारायणगावच्या एसटी स्टँडवर चहा पाजतो.

आता स्मरणिकेकडे येतो, कारण काकांवर अन्याय होतोय. शहरातून एक प्रत मिळाली, अखंड, आणि मी ती पानन्‌पान बघितली.

दोष ढीगभर आहेत. मथळे आडवे ताणलेले आहेत. उभ्या दांड्या जाड झाल्यात, शिरोरेषा तेवढीच राहिलीय, त्यामुळे अक्षरं पोट सुटल्यासारखी दिसतात. अधोरेखित केलेल्या प्रत्येक शीर्षकात रेघ उकारांच्या पोटातून गेलीय, कारण ती सोय ज्या लिपीसाठी होती तिला खाली उकार नसतात. एका पानावर चार फॉन्ट. अध्यक्षीय मनोगताला गुलाबाच्या फुलांची चौकट, जी शोकसंदेशालाही आहे.

पण लेखांची पानं बघा. पेजमेकरमध्ये ओळींचं आपोआप येणारं अंतर अक्षराच्या १२० टक्के असतं, म्हणजे १२ पॉइंटच्या अक्षराला १४.४. इंग्रजीला ते पुरतं. मराठीत वरच्या ओळीचा ‘र्‍हस्व उकार’ आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींच्या अंगावर येतात. बहुतेकांनी ती ठेव तशीच ठेवली, आणि म्हणून त्या काळातली कितीतरी पुस्तकं श्वास कोंडल्यासारखी दिसतात. काकांनी आबांच्या लेखात अंतर वाढवलंय. मी पट्टीने मोजलं, १८ च्या आसपास भरतं. तेवढ्याने लेखाचं पाऊण पान वाढलं असणार, आणि पाऊण पान म्हणजे एक जाहिरात. तो हिशोब कोणाच्या खिशातून गेला असेल हे विचारायला हवं होतं.

दुसरी गोष्ट. मजकूर दोन स्तंभांत आहे आणि उजवी कड मोकळी सोडलीय. १९९९ साली, तालुक्याच्या गावी! तेव्हा, आणि आजही, दोन्ही कडा सरळ केल्याशिवाय ‘छापल्यासारखं’ वाटत नाही असा आपला समज आहे. मराठी शब्द प्रत्यय पोटात घेऊन लांब होत जातो, ‘विद्यार्थ्यांच्यापैकीसुद्धा’ हा एकच शब्द आहे, आणि तो तोडायची सोय त्या सॉफ्टवेअरला नव्हती. मग अरुंद स्तंभात कडा सरळ करायला गेलं की एका ओळीत तीन शब्द आणि मध्ये दोन विहिरी. त्याहून वाईट म्हणजे सॉफ्टवेअर शब्दांऐवजी अक्षरांमध्येच जागा घालतं. इंग्रजीत अक्षरं थोडी लांब गेलेली चालतात. आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखं दिसतं. काकांनी हे बघितलं होतं आणि कड सोडून दिली होती. मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी खांदे उडवले. “भोकं पडत होती रं. वाचणारा माणूस भोकात पडायचा. तुझे आबा समोर बसलेले, त्यांना म्हटलं वाकडं चालंल का, ते म्हणाले वाचायला सरळ असलं म्हणजे झालं.”

हे वाक्य मी कुठल्याही डिझाइनच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

काकांचा खरा हात मात्र लग्नपत्रिकेत दिसतो. आमच्या जुन्नर-आंबेगावकडची पत्रिका ज्याने पाहिलेली नाही त्याला सांगून पटणार नाही. आशीर्वाद, निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त भावकी, मामा मंडळी, विनीत, आणि तळाला चिल्ल्यापिल्ल्यांची किलबिल. दोनशे नावं सहज होतात. कोणाचं नाव किती पॉइंटात, कोण ठळक, कोण ओळीच्या सुरुवातीला, यावरून भांडणं होतात आणि वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. पानरचनेच्या पुस्तकांत ‘उतरंड’ हा धडा असतो, कुठलं आधी दिसावं, कुठलं नंतर. इथे ती उतरंड पॉइंटांत मोजलेला मानपान असतो. काका अशी पत्रिका करताना सगळ्या चुलत्यांना एकच आकार देतात आणि थोरल्याच्या नावाभोवती थोडी मोकळी जागा जास्त सोडतात. कोणाला तक्रार करता येत नाही, आणि थोरला तर दिसतो. ही मोकळी जागा वापरायची अक्कल मी पुण्यातल्या कितीतरी भारी पुस्तकांत बघितलेली नाही.

पुण्यातल्या पुस्तकांचं म्हणाल तर आता सबबी कमी उरल्यात. इनडिझाइन २०१२ च्या आवृत्तीपासून भारतीय लिप्या अधिकृतपणे जुळवतं. र. कृ. जोशींनी विंडोजसाठी केलेला मंगल पडद्यापुरता ठीक होता. लोकांनी त्यात पुस्तकं छापली हा मंगलचा दोष नाही. आज फुकट आणि खुल्या परवान्यात एक टाइपचा मुक्ता आहे, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे, तिरो देवनागरी मराठी आहे. मुक्ता मला फलकावर आवडतो. तीनशे पानांच्या कादंबरीत त्याच्या सरळसोट दांड्या थकवतात. तिरो उलट, ओळीत बसला की आपलं अस्तित्व विसरायला लावतो. तरीही छापखान्यात गेलं की लेखकाची युनिकोड फाइल जुन्या फॉन्टमध्ये फिरवली जाते, कारण ऑपरेटरचा हात त्यावर बसलेला आहे, आणि त्या फिरवाफिरवीत पहिला बळी ऱ्याचा जातो. तो परत बसवायचा तर कोणीतरी पूर्ण पुस्तक वाचायला हवं. प्रुफं वाचण्याचे पैसे कोणाला द्यायचे नसतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

तुम्ही हे फोनवर वाचत असाल. एक करून बघा, या ओळीतला ‘ल’ आणि ‘श’ नीट बघा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिलाय. शाळेत आपण तोच गिरवला. तुम्हाला उभ्या दांडीला टेकलेला हिंदी वळणाचा ल दिसत असेल तर दर वेळी फॉन्टच दोषी असतो असं नाही. तिरोने तर मराठीची वेगळी आवृत्तीच काढलीय, आणि इतर काही फॉन्टांत दोन्ही रूपं पोटात असतात. फक्त पान लिहिणाऱ्याने ‘हे मराठी आहे’ एवढी एक खूण कोडमध्ये लिहायची असते. माझ्यासारखे इंजिनिअर ती लिहीत नाहीत, किंवा साच्यातून आलेली ‘हे इंग्रजी आहे’ ही खूण तशीच ठेवतात. मी स्वतः दोन वर्षं एका ॲपवर हेच केलं, आणि कोणीही तक्रार केली नाही. ते मला जास्त लागलं.

परत हायफनांकडे. स्क्रिप्टला मी सरळ नियम दिला, शब्दाच्या पोटात हायफन आणि पुढे य किंवा ह आला की ऱ् कर. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांची’, ‘बाऱ्या’, ‘वऱ्हाड’, सगळे जागेवर आले. आणि ‘जत्रा-यात्रा’चं ‘जत्राऱ्यात्रा’ झालं. ‘नदी-हौद’चं ‘नदीऱ्हौद’. मी हसलो, नियम काढून टाकला, आणि एकेक हायफन हाताने बघायला बसलो. आबांच्या लेखात ते पन्नासएक होते. बहुतेकांचा निकाल एका सेकंदात लागत होता. तिसऱ्या पानावरच्या एकाचा लागला नाही.

शाळेच्या पहिल्या खोलीसाठी आबा आणि त्यांचे एक मित्र, दोघांनी गावोगाव फिरून वर्गणी जमवली होती. मग कशावरून तरी बिनसलं. घरात याबद्दल कोणी बोलत नसे. आम्हाला एवढंच माहीत की त्या वाड्यात आपण जात नाही. आबांनी लेखात त्यावर एकच वाक्य लिहिलंय. फाइलमध्ये ते असं आहे: ‘पुढे वाद वाढला तो-यात दोघांचेही नुकसान झाले.’

हायफन हा विराम म्हणून वाचला तर ‘पुढे वाद वाढला तो, यात दोघांचेही नुकसान झाले’. सरळ नोंद. ऱ् म्हणून वाचला तर ‘पुढे वाद वाढला, तोऱ्यात दोघांचेही नुकसान झाले’. म्हणजे आबांनी कबूल केलंय की तोरा होता, आणि तो दोघांचा होता. आबा स्वल्पविराम क्वचितच द्यायचे, त्यामुळे व्याकरण काही सांगत नाही. छापील प्रत सांगत नाही, तिथेही आडवी रेघच आहे. हस्तलिखित शाळेने ठेवलेलं नाही. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “बाळा, आबांच्या हातचा ऱ्या पण रेघेसारखाच असायचा. मी जे दिसलं ते मारलं.” थोडं थांबून म्हणाले, “त्यांनी प्रूफ बघितलं होतं. ही ओळ दोनदा वाचली. काही बदलायला नाही सांगितलं.”

आई म्हणते, आबांचा तोरा आम्हीच बघितलाय, ऱ्या कर. वडील म्हणतात, गावात वाटायच्या पुस्तिकेत असलं काही नको, स्वल्पविराम दे. दोघांचं म्हणणं मी ऐकून घेतलं.

पुस्तिका मी तिरोमध्ये लावली, १२ पॉइंट, ओळीचं अंतर १८, उजवी कड मोकळी. बाकीचे सगळे हायफन सोडवले. तिसऱ्या पानावरचा तसाच आहे. छपाईला द्यायच्या आधी पीडीएफ सगळ्या लेखकांच्या घरच्यांना पाठवायची होती. त्या मित्रांचाही एक लेख आहे, म्हणून त्यांच्या नातवाचा नंबर शोधून त्यालाही पाठवली. तो चाकणला असतो, आमची ओळख नव्हती. रात्री उशिरा त्याचा मेसेज आला. लेख छान लागलेत, आजीला वाचून दाखवले. आणि खाली, ‘पान ३, ओळ ११, इथे टाइपिंग मिस्टेक आहे का?’